'थँक्यू'ची सोय

मराठीत कृतज्ञता बोलून दाखविण्याची रीत नव्हती, म्हणून 'थँक्यू' आला, असे सांगण्याचा प्रघात आहे. तो फारसा विचारार्ह नाही. पाण्याचा तांब्या आणून देणाऱ्या नातवास आजी 'औक्षवंत हो' म्हणते, ते कृतज्ञतेचेच बोल होत. त्याहून ग्राह्य वाटणारे मत असे की, मराठीला हलका शब्द हवा होता. 'आभारा'त भार आहे, 'धन्यवाद' समोरच्यास थेट धन्य ठरवितो. सुटे पैसे परत देणाऱ्या दुकानदारापुढे दोन्ही अवजडच.

परंतु हे मतही लखनौत टिकत नाही. गोमतीपलीकडील निशातगंजचा बाजार घ्यावा. नावाचा अर्थ आनंदाची पेठ. मराठी कानाला त्यातील 'गंज' लोखंडावरचा किंवा स्वयंपाकघरातला वाटावा, ही गोष्ट वेगळी. तेथे 'शुक्रिया' हा सुटसुटीत शब्द पिढ्यान्‌पिढ्या जिभेवर आहे. तरीही 'थँक्यू' रुजलाच. कारण 'शुक्रिया' की 'धन्यवाद', ही त्या प्रांतात केवळ शब्दाची निवड उरलेली नाही. १९०० साली नागरी लिपीस कचेऱ्यांत मुभा मिळाली, १९५१ च्या कायद्याने हिंदी राजभाषा झाली, १९८९ मध्ये उर्दूस दुसऱ्या राजभाषेचे स्थान लाभले. या दीर्घ वादाची सावली कापडाच्या दुकानातील साध्या देवघेवीवरही पडते. 'थँक्यू' म्हणणाऱ्यास त्या सावलीबाहेर उभे राहता येते.

मराठीतील अडचण निराळी, पण सोय तीच. 'तुझा', 'तुमचा' की 'आपला' आभारी, हे मराठीत पुष्कळदा ठरवावे लागते. इंग्रजी सर्वनाम हा भेद जाणत नाही. वयाने लहान पण हुद्द्याने मोठ्या अधिकाऱ्याशी बोलताना नाते ठरविण्याची जबाबदारी 'थँक्यू'ने टळते. संवाद लिहिणाऱ्या कादंबरीकाराने ध्यानी घ्यावयाचे ते हेच. मुलगी आईला 'थँक्यू' म्हणते, तेव्हा टाळावयाचे असे काहीच नसते. म्हणून तेथे तो शब्द लाडाचा तरी असतो, नाहीतर दुराव्याचा, आणि कोणता ते आजूबाजूच्या ओळींनीच सांगावे लागते. भाषांतरकार मात्र इंग्रजी कादंबरीत दर वेळी 'धन्यवाद' घालतात आणि चहावाल्यापासून न्यायाधीशापर्यंत सारी पात्रे सभेच्या व्यासपीठावरून बोलू लागतात. पुष्कळदा तेथे 'बरं झालं आणलंस' एवढे पुरले असते, किंवा नुसती मान हलविणेही.