आद्याक्षराची शोभा

गुटेनबर्ग यांनी सुमारे १४५५ साली छापलेल्या बायबलमध्ये अध्यायारंभीच्या मोठ्या अक्षरांसाठी जागा कोरी सोडलेली असे. ती अक्षरे चित्रकार हाताने रंगवीत. पुढे १४५७ मध्ये फुस्ट व शफर यांनी माइंझ येथे स्तोत्रसंहिता छापली, तेव्हा ही आद्याक्षरेही तांबड्या-निळ्या शाईत छापली गेली. पहिल्या स्तोत्राचा आरंभीचा लॅटिन शब्द ‘बेआतुस’, म्हणजे ‘धन्य’. त्याचे पहिले अक्षर वेलबुट्टीने नटलेले आहे. ही केवळ हौस नव्हे. सामुदायिक प्रार्थनेत नवे स्तोत्र कोठे सुरू होते, हे त्या अक्षराने डोळ्यांना तत्काळ कळे. तेथे सौंदर्य उपासनेच्या सेवेत होते.

मराठीची वाट निराळी. गोव्यात छापखाना १५५६ साली आला. पण फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले ते रोमन लिपीत. या देशीच्या लिपीत ग्रंथ छापावा, अशी त्यांची मनीषा होती. अडचण त्यांनी १६०८ च्या पत्रात नेमकी सांगितली आहे: रोमन मुळाक्षरे चोवीस, तर इथली अक्षरे म्हणजे शब्दावयव, आणि त्यांसाठी साचे हवेत सहाशेच्या घरात.

या निरीक्षणात आजच्या मुद्रकासाठीही धडा आहे. आमच्या पिंपरी-चिंचवड परिसरात हाती येणाऱ्या धर्मग्रामांच्या स्मरणिका पाहाव्यात. इंग्रजी नियतकालिकांच्या अनुकरणाने लेखाचे पहिले अक्षर तीन ओळींएवढे मोठे केलेले असते. ‘येशू’मधला ‘य’ थोरला होतो आणि मात्रा कोठेतरी लोंबकळते. ‘ख्रिस्त’ची वेलांटी एकीकडे, ‘स्त’ दुसरीकडे. शिरोरेषा तुटते आणि शब्द फुटतो. प्रभूचे नावच धड वाचता न येणे, ही शोभा नव्हे. घरातील आजी व पहिलीतले लेकरू, दोघेही तेथे अडखळतात.

देवनागरीत मोठ्या-लहान लिपीचा भेद नाही. म्हणून रोमनचा नियम तिला जसाच्या तसा लागू पडत नाही. आपल्या पोथ्यांनी वेगळा मार्ग काढला होता: दंड व ओवीचे अंक तांबड्या शाईने लिहावयाचे. वाचकाला विसावा मिळे आणि शब्द अखंड राही. मोठे अक्षर हवेच असेल, तर मात्रा-वेलांटीसह पूर्ण अक्षर घ्यावे, किंवा अख्खा पहिला शब्दच रंगीत करावा.

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने छापखान्यातून आलेले मुद्रित तपासताना एवढे तरी पाहावे. पवित्र शब्दाचा पहिला मान म्हणजे तो नीट वाचता येणे, वेलबुट्टी त्यानंतरची.