संघाधारित अध्ययन आणि खानदेशातील विज्ञानवर्ग : एक चिकित्सा

प्रस्तावना :
जळगाव व धुळे जिल्ह्यांतील विज्ञान महाविद्यालयांना गटकार्य अपरिचित नाही. प्रात्यक्षिकांच्या बॅचेस पूर्वापार चालत आल्या आहेत. तथापि ‘गट’ आणि ‘संघ’ यांतील भेद दुर्लक्षित राहिल्याने सामूहिक अध्ययनाचे बाह्यरूप तेवढे शिल्लक राहते.

संकल्पना :
अमेरिकेतील ओक्लाहोमा विद्यापीठात लॅरी मायकेलसन यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धती विकसित केली. वर्गातील विद्यार्थिसंख्या ४० वरून १२० झाली, हे तिचे निमित्त होय. पाच ते सात विद्यार्थ्यांचा सत्रभर कायम राहणारा संघ, पूर्ववाचन, प्रथम वैयक्तिक व नंतर तीच संघचाचणी, लेखी हरकतीचा अधिकार, उपयोजनात्मक प्रश्न आणि परस्पर मूल्यमापन ही तिची अंगे आहेत.

चिकित्सा :
बॅच सामान्यतः हजेरी क्रमांकानुसार पडते. हे क्रमांक आडनावांच्या वर्णक्रमाने दिल्यास पाटलांजवळ पाटील व महाजनांजवळ महाजन येतात. साहजिकच वर्गाबाहेरचे समाजगट प्रयोगशाळेतही टिकतात. मग एकाने ब्युरेट हाताळायची, दुसऱ्याने निरीक्षणे लिहायची व इतरांनी ती जर्नलमध्ये उतरवायची, असा प्रकार घडतो. मायकेलसन यांच्या पद्धतीत संघरचना शिक्षक करतो आणि क्षमता व अनुभव सर्व संघांत विभागतो. समाजबांधणीचे बीज येथेच आहे.

उदाहरणार्थ, पाण्याचा कठीणपणा मोजण्याचे अनुमापन घ्यावे. रावेर, चोपडा, साक्री, शिरपूर अशा निरनिराळ्या तालुक्यांतील विद्यार्थ्यांनी आपापल्या विहिरींचे नमुने आणावेत व कोणत्या पाण्याने ठिबकच्या नळ्यांत क्षार साचतील, याचा संघाने एकच निर्णय द्यावा. येथे शेतकऱ्याच्या मुलाचा अनुभव पाठ्यपुस्तकाइतकाच मोलाचा ठरतो.

मर्यादा :
या पद्धतीने पूर्ववाचन गृहीत धरले आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या, घरी अहिराणी किंवा पावरी बोलणाऱ्या विद्यार्थ्यास इंग्रजी पाठ्यपुस्तक एकट्याने वाचणे कठीण जाते. वैयक्तिक चाचणी त्याच्या आकलनाऐवजी त्याची इंग्रजीच तपासण्याचा धोका संभवतो. म्हणून मराठी टिपणे व संघचर्चेतील भाषास्वातंत्र्य आवश्यक ठरते. परस्पर मूल्यमापनातही नातेसंबंध व संकोच आड येऊ शकतात. केवळ गुणांऐवजी सकारण लेखी अभिप्राय मागविणे अधिक न्याय्य होय.

निष्कर्ष :
विद्यार्थ्यांना एका टेबलाभोवती उभे केल्याने संघ निर्माण होत नाही. प्रत्येकाची वैयक्तिक जबाबदारी, सर्वांचा एक निर्णय आणि मुद्दाम साधलेली सरमिसळ असेल, तरच ही पद्धती खानदेशात सार्थ ठरेल. अन्यथा ती जुन्या बॅचचे नवे नाव ठरेल.