गाळातील सूक्ष्मजीव इंधनघट आणि तलावातील नायट्रेट : एक चिकित्सा

गाळातील सूक्ष्मजीव इंधनघट (सेडिमेंट मायक्रोबियल फ्युएल सेल) हा विषय पर्यावरण अभियांत्रिकीच्या प्रकल्पांत वारंवार दिसतो. रचना सोपी आहे. ॲनोड तळाच्या ऑक्सिजनविरहित गाळात पुरायचा, कॅथोड वरच्या पाण्यात ठेवायचा आणि दोन्ही तारेने जोडायचे. जिओबॅक्टरसारखे जीवाणू गाळातील सेंद्रिय द्रव्य खाऊन इलेक्ट्रॉन ॲनोडला देतात. कॅथोडवरील जीवाणू तेच इलेक्ट्रॉन वापरून नायट्रेटचे नायट्रोजन वायूत रूपांतर करतात. तत्त्व निर्विवाद आहे. प्रश्न आहे तो ‘तलाव स्वच्छ होईल’ या निष्कर्षाचा.

आधी हिशोब करू. एका नायट्रेट आयनाचे नायट्रोजन वायूत रूपांतर होण्यास 5 इलेक्ट्रॉन लागतात. दर चौरस मीटरला 20 मिलिअँपिअर प्रवाह धरला, तर दिवसाला 1728 कूलोम, म्हणजे सुमारे 0.018 मोल इलेक्ट्रॉन मिळतात. एकही इलेक्ट्रॉन वाया गेला नाही, तरी त्यातून फक्त 0.05 ग्रॅम नायट्रोजन निघतो. बंगळुरूचे बेळंदूर तळे सुमारे 900 एकरांचे आहे. त्याच्या संपूर्ण तळावर इलेक्ट्रोड पसरले, तरी दिवसाला साधारण 180 किलो नायट्रोजन निघेल. माणशी 10 ग्रॅम धरल्यास हा जेमतेम 18 हजार लोकांच्या सांडपाण्यातील नायट्रोजन झाला. लाखोंचे सांडपाणी झेलणाऱ्या तळ्याला हा उपाय कसा पुरेल?

प्रत्यक्षात एवढेही मिळणार नाही. कॅथोडजवळ विरघळलेला ऑक्सिजन असेल, तर बरेचसे इलेक्ट्रॉन तोच घेतो. शिवाय ताज्या सांडपाण्यात नायट्रोजन मुख्यतः अमोनिया व सेंद्रिय रूपात असतो. त्याचे नायट्रेट होण्यास ऑक्सिजन हवा आणि नायट्रेट घालवण्यास ऑक्सिजन नको. प्रयोगशाळेत पाण्यात पोटॅशियम नायट्रेट मिसळले की ही अडचण दिसतच नाही.

दुसरा आक्षेप तुलनेचा. गाळात तार न जोडताही डीनायट्रिफिकेशन चालूच असते. म्हणून तोच घट, तेच इलेक्ट्रोड, पण परिपथ खुला, असा नियंत्रण प्रयोग हवाच. खुल्या व बंद परिपथांतील फरक तेवढेच विजेचे श्रेय. नायट्रेट घटले म्हणजे नायट्रोजन गेला, असेही नाही. तो नायट्राइट, अमोनिया किंवा शेवाळात गेलेला असू शकतो, अथवा नायट्रस ऑक्साइड या हरितगृह वायूच्या रूपात बाहेर पडलेला असू शकतो. नायट्रोजनचा पूर्ण ताळेबंद मांडल्याशिवाय ‘90 टक्के निर्मूलन’ या आकड्याला अर्थ नाही.

मग तंत्र टाकाऊ आहे का? नाही. अशा घटाने 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हवामान नोंदवणारा तरंगता बोया चालवून दाखवला. बॅटरी बदलणे अवघड असते, अशा ठिकाणच्या सेन्सरसाठी ते उपयुक्त आहे. तलावासाठी मात्र सांडपाणी अडवणे आणि शुद्धीकरण केंद्रातच नायट्रोजन काढणे हाच पहिला खर्च असावा. प्रकल्प निवडणाऱ्या विद्यार्थ्यांनी वरचा हिशोब आपल्या आकड्यांनी करून पाहावा आणि तो अहवालाच्या पहिल्याच प्रकरणात मांडावा.