‘असा परिवार आहे’ : गेलेल्या आवाजाची आठवण कशी ठेवायची?

आपल्या वर्तमानपत्रांत निधनवार्तेचं शेवटचं वाक्य ठरलेलं असतं. ‘त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, सुना, नातवंडे असा आप्तपरिवार आहे.’ माणूस कोणीही असो, वाक्य तेच. वर त्याचं काम, खाली त्याचं घर, आणि मधे एक अदृश्य भिंत. आज मला या भिंतीबद्दल बोलायचं आहे. मृत्युलेख हाही एक समीक्षेचाच प्रकार आहे असं मी मानतो. त्यात एका आयुष्याची किंमत ठरवली जाते, म्हणून त्याची तपासणी व्हायला हवी.

उदाहरण घेतो ते हिप-हॉपचं. काही ज्येष्ठांच्या कपाळावर आठ्या आलेल्या मला इथून दिसतायत. पण थोडा दम धरा.

मार्च २०२२ मध्ये मुंबईत धर्मेश परमार नावाचा रॅपर गेला. वय २४. ‘एमसी तोडफोड’ या नावाने तो गायचा, आणि मुख्यतः गुजरातीत गायचा. ‘स्वदेसी’ या मुंबईच्या बहुभाषिक गटाचा तो भाग होता. याच गटात मराठीतून रॅप करणारी मुलं आहेत, आपल्या अमरावतीचा सौरभ अभ्यंकरही त्यांच्यातला. धर्मेश गेल्यावर मथळे काय आले? ‘गली बॉय’चा रॅपर गेला! त्या २०१९ च्या चित्रपटातल्या ‘इंडिया ९१’ या गाण्यात त्याचा आवाज होता, हे खरं. रणवीर सिंग, सिद्धांत चतुर्वेदी, झोया अख्तर यांनी समाजमाध्यमांवर दुःख व्यक्त केलं, त्यात खोट काढायचं कारण नाही. पण बातमीने काय केलं बघा. एका माणसाची अनेक वर्षांची कमाई एका चित्रपटाच्या खिशात टाकली.

स्थानिक कलावंताच्या मृत्युलेखातला हा पहिला दोष. मोठ्या नावाची उसनवारी. जणू त्या चित्रपटाने हात लावला नसता तर हा मुलगा नोंद घेण्याजोगा नव्हताच. त्याने गुजराती का निवडली, मुंबईच्या गल्लीत ती भाषा रॅपच्या ठेक्यावर कशी बसली, हे प्रश्न कुणी फारसे विचारले नाहीत. ‘इंडिया ९१’ मध्येही खरी गंमत वेगळीच आहे. त्या गाण्याच्या तळाशी विवेक राजगोपालन यांचं मृदंगाचं अंग आहे, आणि त्यावर वेगवेगळ्या भाषांचे रॅपर येऊन बोलतात. म्हणजे दक्षिणेची लय, न्यूयॉर्कची रीत आणि मुंबईच्या भाषा. हे ऐकायचं सोडून आपण पोस्टर बघत बसलो.

दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. आपण स्वभावाची स्तुती करतो आणि कामाबद्दल गप्प बसतो. मनमिळाऊ होता, हसतमुख होता. अहो, हसतमुख तर पुष्कळ असतात!

इथे रेडिओवरच्या माणसाचं उदाहरण उपयोगी पडेल, कारण त्याचं काम तर आणखीच निसटतं. अमीन सयानी २० फेब्रुवारी २०२४ ला गेले, वयाच्या ९१ व्या वर्षी. सगळ्यांनी त्यांचं ‘बहनो और भाइयो’ आठवलं. पण त्यांचं कर्तृत्व त्या तीन शब्दांत होतं का? १९५२ साली नभोवाणीमंत्री झालेल्या बाळकृष्ण केसकरांनी, म्हणजे आपल्याच एका मराठी माणसाने, आकाशवाणीवरून चित्रपटसंगीत जवळपास हद्दपार केलं. त्याच वर्षी रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. सामान्य माणसाच्या आवडीला तिने क्रम दिला, प्रतिष्ठा दिली. पुढे १९५७ मध्ये आकाशवाणीला विविध भारती काढावी लागली. निवेदकाचं काम म्हणजे काय, ते इथे कळतं. तो गाणं रचत नाही, गात नाही. तो निवडतो, क्रम लावतो आणि नाव घेतो.

हिप-हॉपमध्येही तेच घडलं. ११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये कूल हर्कने बहिणीच्या पार्टीत तबकड्या फिरवल्या, तिथून या कलेचा जन्म मानतात. पण गल्लीतला आवाज शहरभर गेला तो रेडिओमुळे. १९८३ मध्ये मिस्टर मॅजिक नावाचा निवेदक डब्ल्यूबीएलएस या मोठ्या व्यावसायिक केंद्रावर रॅप वाजवू लागला. ज्या पोरांना कोणी विचारत नव्हतं त्यांचं नाव त्याने माईकवर घेतलं. आपल्याकडे बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते ना, तसंच हे. स्थानिक निवेदक हा नव्या कलावंताची आत्या असतो.

आता त्या भिंतीकडे येऊ. असा निवेदक घरी बाप असतो, किंवा असा रॅपर कुणाचा मुलगा असतो. निधनवार्ता त्याला शेवटच्या ओळीत ढकलते. धर्मेशच्या बाबतीत तर ती ओळच उलटी झाली. पश्चात मुलं नाहीत, पश्चात आईवडील. पण घर आणि काम खरंच इतकं वेगळं असतं का? धर्मेशची भाषा घरची होती. रात्री माईकवर दुसऱ्यांच्या पोरांची नावं घेणारा बाप सकाळी स्वतःच्या पोराला काय ऐकवतो, हा त्याच्या कलेचाच प्रश्न आहे.

मराठीत याचा सर्वांत मोठा पुरावा बहिणाबाई चौधरी. शेतात, जात्यावर जन्मलेली ती वाणी सोपानदेव या मुलाने आणि नात्यातल्या पितांबर चौधरींनी टिपून ठेवली. १९५१ च्या डिसेंबरमध्ये बहिणाबाई गेल्या, १९५२ मध्ये गाणी पुस्तकरूपाने आली. सोपानदेव स्वतः कवी होते, त्यांनी आईकडे फक्त आई म्हणून पाहिलं असतं तर आपण एका कवयित्रीला मुकलो असतो. ‘पश्चात मुलगा’ एवढंच लिहून ते भागलं असतं का? तो मुलगाच तर इथे समीक्षक झाला, संग्राहक झाला.

हे मी चंद्रपुरात का सांगतोय? कारण आपला मुलूख आवाजांचा आहे आणि आपल्याकडे नोंदींचा दुष्काळ आहे. झाडीपट्टीची नाटकं दिवाळीनंतर सुरू होतात, रात्र रात्र चालतात, वडशाला मंडळांच्या कचेऱ्या गजबजतात. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा बाहेरच्या महाराष्ट्राने मान वर केली. पण ज्यांना पद्मश्री मिळाली नाही त्यांचं काय? दंडार गाणारे, शंकरपटात माईक धरणारे, रेडिओवरून ज्यांचा आवाज ओळखीचा पण चेहरा नाही असे निवेदक, आणि आता मोबाईलवर रॅप करणारी गोंडी-झाडीबोलीतली पोरं. ‘स्वदेसी’ने आरेच्या जंगलातल्या प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन ‘द वारली रिव्होल्ट’ हे गाणं केलं. जंगलावर बोलायला जंगलातलाच माणूस त्यांनी सोबत घेतला. जंगल आपल्याकडे आरेपेक्षा कितीतरी मोठं आहे. मग आवाज कमी का ऐकू येतो?

इथे कुणी म्हणेल, ‘सर, गेलेल्याला आता काय फरक पडतो?’ हा प्रश्न ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्राच्या पहिल्याच भागात घेतला आहे. मागे राहिलेल्यांच्या बऱ्यावाईटाचा मृतांना स्पर्श होतो का? त्याचं उत्तर सावध आहे. झालाच तर अगदी थोडा, त्यांचं सुख हिरावण्याइतका नाही. मी एवढंच जोडेन की जिवंतांना मात्र फार फरक पडतो. आज पंधरा-सोळा वर्षांची जी पोर गडचिरोलीत वहीत ओळी लिहितेय, ती आपण गेलेल्यांबद्दल काय बोलतो ते ऐकत असते. कामाचा उल्लेखच होत नसेल, तर काम करण्यात अर्थ नाही हा धडा ती शिकते.

म्हणून पुढच्या वेळी तुमच्या गावातला असा एखादा आवाज थांबला, तर श्रद्धांजलीच्या सभेत पाच भाषणांऐवजी त्याचं एक ध्वनिमुद्रण लावा. पूर्ण ऐका. त्याने कोणती भाषा निवडली, कुणाची नावं पहिल्यांदा घेतली, कुठे कमी पडला, हेही बोला. दोष सांगणं हा अनादर नाही, दोष सांगायला आधी ऐकावं लागतं. आणि घरच्यांना खुर्चीवर नुसतं बसवून ठेवू नका, त्यांना विचारा. जुन्या कॅसेटी, वह्या, मोबाईलमधल्या फाइली त्यांच्याकडेच असतात, आणि त्या फार दिवस टिकत नाहीत.

प्रश्न असतील तर घेऊ या.