पलटणीतली शिक्षिका

सुझी किंग टेलर यांनी १९०२ साली बॉस्टनमध्ये स्वखर्चाने एक छोटं पुस्तक छापलं, ‘रेमिनिसन्सेस ऑफ माय लाइफ इन कॅम्प’. अमेरिकी यादवी युद्धातल्या कृष्णवर्णीय सैनिकांवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. पण त्यांच्यासोबत छावणीत राहिलेल्या कृष्णवर्णीय बाईने स्वतः लिहिलेलं पुस्तक म्हणून याचंच नाव घेतलं जातं.

सुझीबाई १८४८ साली जॉर्जियात गुलामीतच जन्मल्या. गुलामांना शिकवणं तिथे गुन्हा, म्हणून सव्हानातल्या चोरट्या शाळेत मुलं पुस्तकं कागदात गुंडाळून एकेकटी जात. १८६२ च्या एप्रिलमध्ये त्या उत्तरेच्या आरमाराच्या आश्रयाला गेल्या आणि चौदावं वर्ष सरायच्या आत सेंट सायमन्स बेटावर शाळा चालवू लागल्या. पुढे कृष्णवर्णीय सैनिकांच्या पहिल्या साऊथ कॅरोलायना पलटणीत त्या कागदोपत्री धोबीण होत्या. प्रत्यक्षात बंदुका साफ करायच्या, जखमींचं बघायचं आणि सवड मिळाली की सैनिकांना लिहायला-वाचायला शिकवायचं. शिकवण्याबद्दल मात्र त्या फारच थोडं लिहितात, आणि त्याची चुटपुट लागते.

दोन जागी थांबावंच लागतं. एके ठिकाणी दवाखान्यातल्या सैनिकांना काही चवीचं द्यावं म्हणून त्या कासवाची अंडी आणि कंडेन्स्ड मिल्क घालून कस्टर्ड करतात. दुसरीकडे फोर्ट वॅगनर या किल्ल्याच्या वाटेवर कवट्या पडलेल्या असतात. त्या बाजूला सारून पुढे जायचं. कुणी म्हणे शत्रूच्या, कुणी म्हणे आपल्याच पोरांच्या. युद्धात माणसाचं मन कसं निबर होतं याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटतं. दोन्ही प्रसंग एकाच आवाजात येतात, कुठे विशेषणांची आरास नाही. हा संयम मला या पुस्तकाची खरी ताकद वाटतो.

सरकारने कृष्णवर्णीय सैनिकांना गोऱ्यांपेक्षा कमी पगार देऊ केला, तेव्हा या पलटणीने तो नाकारला. घरच्या बायकांनी अधिकाऱ्यांचे कपडे धुऊन, केक विकून संसार रेटले. १८६४ मध्ये पूर्ण पगार मंजूर झाला. स्वतः सुझीबाईंना चार वर्षांहून अधिक सेवेचा एक डॉलरही मिळाला नाही. हे त्या जाताजाता सांगतात.

युद्धानंतर सव्हानात त्यांनी घरीच शाळा काढली, फी महिना एक डॉलर. जवळच मोफत शाळा निघाली आणि मुलं तिकडे गेली. पती, सार्जंट एडवर्ड किंग, १८६६ मध्ये वारले होते. शेवटी घरकाम पत्करावं लागलं. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ ज्या देशातल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, त्याच देशात गुलामीतून सुटलेल्या माणसांचे हे दिवस होते. नंतर त्या बॉस्टनला आल्या. १८८६ मध्ये तिथे माजी सैनिकांच्या मदतीसाठी विमेन्स रिलीफ कोअरची शाखा उभारण्यात त्यांनी पुढाकार घेतला. पुढे माजी सैनिकांच्या गणनेत एका भागाचं कामही त्यांनी अंगावर घेतलं, आणि कुठल्याच संघटनेत नसलेले कितीतरी जण त्यांना सापडले.

शेवटाकडे आवाज बदलतो. १८९८ मध्ये मुलगा लुइझियानात श्रीव्हपोर्टला आजारी पडतो. त्याला आडवं निजवून घरी न्यायचं, तर कृष्णवर्णीय माणसाला रेल्वेत झोपायची बर्थ विकत मिळत नाही. बसून प्रवास त्याला झेपण्यासारखा नसतो. तो तिथेच दगावतो. मग त्या विचारतात, ते युद्ध व्यर्थ गेलं का? स्वतःच्या पगारासाठी ज्यांनी तक्रारीचा शब्द काढला नाही, त्या इथे देशाला जाब विचारतात.