आवाज मोठा, राग मोघम
मुंबईच्या मेटल बँडांबद्दल हमखास ऐकू येणारी तक्रार अशी, की ही पोरं इंग्रजीत किंचाळतात आणि कळत काहीच नाही. माझी तक्रार पुढची आहे. शब्द कळले तरी ही पोरं नक्की चिडली आहेत कुणावर, ते कळत नाही. युद्ध, धर्म, ‘सिस्टिम’, सगळंच मोघम. डेमॉनिक रिझरेक्शनने २०१७ मध्ये थेट दशावतारांवर अल्बम केला. वादन कसदार, पण समोरच्या किनाऱ्यावर काय चाललंय याचा त्यात मागमूस नाही.

समोरचा किनारा म्हणजे रायगड. इथे गाण्याला विषयांची वाण कधीच नव्हती. खोतांविरुद्ध चरी गावच्या कुळांनी १९३३ ते १९३९ जमिनी ओस ठेवल्या, शेतकरी नेते नारायण नागू पाटलांच्या मागे उभं राहून. जानेवारी १९८४ मध्ये जमिनीच्या भावासाठी उरणचे शेतकरी रस्त्यावर आले आणि पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. सेझसाठी (विशेष आर्थिक क्षेत्रासाठी) जमिनी घ्यायच्या वेळी, सप्टेंबर २००८ मध्ये, पेणकडच्या २२ गावांत जनमत घ्यावं लागलं.

आणि बाजारात टिकलं काय? कोळीगीत. शांता शेळक्यांनी लिहिलेली कोळीगीतं मलाही प्रिय आहेत, पण त्यांच्या दर्यात वादळ येतं, बंदराचा भराव येत नाही. पुढे बेंजो आला, मग डीजे. आगरी हळदीतला आजचा दणका कुठल्याही मेटल मैफलीला लाजवील. (हळदीत भूसंपादनावर गाणं वाजवा, असं म्हणायला मी काही वेडा नाही.) पण हळद सोडून तरी हा राग कुठे वाजतो? नवी मुंबईच्या विमानतळाला उरणच्या त्या लढ्याचे नेते दि. बा. पाटलांचं नाव द्या म्हणून २०२१ मध्ये माणसं रस्त्यावर उतरली, गाणीही निघाली. मी ऐकलेल्यांत नेत्याची थोरवी होती. जमीन कुणी घेतली, कुणी विकली, यावर चकार शब्द नव्हता.

खरं तर थेट बोलणारं गाणं इथल्या मातीला नवं नाही. याच जिल्ह्यातल्या महाडला १९२७ मध्ये चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. त्या चळवळीतून बहरलेले आंबेडकरी जलसे, भीमराव कर्डकांसारख्यांचे, अन्यायावर थेट बोट ठेवत.

मेटललाही हे जमतं. ब्राझीलच्या सेपल्टुराने १९९३ च्या अल्बममध्ये साओ पाउलोच्या तुरुंगातलं हत्याकांड घेतलं, तुरुंग कुठला हे न लपवता. जमीन हिरावली जाणाऱ्या कायोवा आदिवासींसाठी त्याच अल्बममध्ये एक शब्दाविना वाजवलेली रचना आहे. आपल्याकडे दिल्लीचा ब्लडीवूड ढोल आणि हिंदी-पंजाबी घेऊन ‘गद्दार’मध्ये धर्माच्या राजकारणावर तुटून पडतो. तिथेही कुणाचं नाव नाही, पण निदान रोख कळतो.

रायगडात वादक आहेत, गळे आहेत, ऐकणारी गावंच्या गावं आहेत. अडतं ते कार्यक्रमाच्या सुपारीपाशी. दहीहंडीचा मंच आणि पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा ऑर्केस्ट्रा यांचे पैसे बऱ्याचदा जमिनीच्या व्यवहारातूनच येतात. मुंबईच्या मेटलवाल्यांना तसली सुपारी कुणी देत नाही, त्यामुळे गमावण्यासारखंही काही नाही. तरी ते दशावतारच गातात.