दुःखाची बोली : एका पुस्तकाच्या निमित्ताने

‘जिथे डॉक्टर नाही तिथे’ अशा अर्थाचे डेव्हिड वर्नर यांचे इंग्रजी पुस्तक १९७७ मध्ये आले. मेक्सिकोच्या डोंगराळ खेड्यांतील कामातून ते घडले होते. त्याच शीर्षकाचा धागा धरून डॉ. विक्रम पटेल यांनी २००३ मध्ये ‘व्हेअर देअर इज नो सायकायट्रिस्ट’ लिहिले. २०१८ मध्ये शार्लट हॅनलन यांच्यासह त्याची दुसरी आवृत्ती निघाली. मनोविकारतज्ज्ञ जिथे पोचत नाही, तिथल्या आरोग्यसेविकेला मनाच्या दुखण्याची ओळख व्हावी, हा त्याचा हेतू. मी वैद्य नव्हे, मराठीचा एम. ए. आणि एका हायस्कुलाचा मुख्याध्यापक. तेव्हा मी ते भाषेचे पुस्तक म्हणून वाचले, आणि त्याच नात्याने चार शब्द लिहितो आहे.

पुस्तकाचा मोठा गुण त्याच्या मांडणीत आहे. रोगांच्या नावांपेक्षा माणसांच्या तक्रारींना त्यात अग्रमान आहे. झोप लागत नाही, थकवा जात नाही, अंग दुखते पण तपासणीत काही सापडत नाही, अशा वाक्यांपासून ते सुरू होते. डॉ. पटेल यांनी १९९० च्या दशकात झिंबाब्वेत काम केले. तिथल्या शोना भाषेत ‘कुफुंगिसिसा’ असा शब्द आहे. अर्थ, अती विचार करणे. आपल्याकडची बाई ‘मला नैराश्य आले’ असे कधी म्हणत नाही. ‘विचार करकरून डोकं फिरायची पाळी आली’, ‘जिवाला घोर लागलाय’ असे म्हणते. हे ज्याला ऐकू येते त्याचे पुस्तक आपले वाटते. शेवटच्या भागात तर वाचकाने आपल्या मुलखातले शब्द स्वतः भरावेत म्हणून जागा सोडली आहे. ती रिकामी जागा मला सबंध पुस्तकात सर्वांत बोलकी वाटली.

तिथेच मला माझी एक चूक आठवली. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेच्या पुरानंतर आमची शाळा पुन्हा भरली. सातवीतली एक मुलगी वर्गात मुकाट बसून राही. तिला कार्यालयात बोलावून मी नीटस प्रमाण मराठीत विचारले, ‘बाळ, तुला काय त्रास होतो?’ ती म्हणाली, ‘काही नाही सर.’ मी समाधानाने वहीत तशी नोंद केली. दुपारी अक्षरदासोहाचा स्वयंपाक करणाऱ्या मावशींनी तिला सहज विचारले, ‘ऊटा आतेनव्वा?’ जेवलीस का गं, एवढेच. मुलीच्या आईची बोली कन्नड. ती मावशींच्या पदरात तोंड खुपसून रडली. रात्री घर सोडताना म्हशीचे दावे सोडायचे काम तिच्याकडे होते, ते राहून गेले होते. महिनाभर हे ओझे घेऊन ते लेकरू माझ्यासमोर प्रार्थनेला उभे राहत होते.

म्हणून माझा पहिला आक्षेप पुस्तकापेक्षा आपल्या भाषांतरांवर आहे. ‘मानसिक आघात’, ‘समुपदेशन’ हे शब्द परिपत्रकात शोभतात. त्या पाटीखाली कुणी बसायला येत नाही. हरारेतील मनोविकारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांना हाच धडा आज्यांनी दिला. २००५ मध्ये झिंबाब्वे सरकारने वस्त्या पाडल्या. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार सुमारे ७ लाख माणसांचे घर किंवा पोट गेले. २००६ मध्ये चिबांडांनी म्बारे वस्तीत १४ आज्यांना घेऊन दवाखान्याच्या आवारातल्या बाकावर काम सुरू केले. मानसिक आरोग्याचा बाक म्हटले तर कुणी फिरकणार नाही, हे आज्यांनीच सांगितले. मग तो मैत्रीचा बाक झाला. त्यांच्या पद्धतीतली पहिली पायरी ‘कुव्हुरा प्फुंग्वा’, म्हणजे मन उघडणे. आपल्याकडे ‘मन मोकळे करणे’ आयते असताना ‘समुपदेशन’ घडवण्याची घाई कशाला, असा प्रश्न पडतो.

दुसरा आक्षेप मात्र पुस्तकावरच आहे. त्याची नजर बहुतांशी एकेका रुग्णावर आहे. पूर किंवा पाडापाडी सबंध गल्लीवर येते. तिथे एकट्याचे मन दुरुस्त करून भागत नाही. बाकावरून उठलेल्या बाया पुढे गटाने जमतात, टाकाऊ प्लास्टिकच्या पिशव्या विणतात आणि विणता विणता बोलतात. दुःख आणि पोट एकाच चटईवर आले, हे मला महत्त्वाचे वाटते. याचा अर्थ आज्या आहेत म्हणून सरकारने हात झटकावेत असा मुळीच नाही. गोव्यात डॉ. पटेल आणि सहकाऱ्यांनी २४ दवाखान्यांत केलेल्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात प्रशिक्षित सामान्य माणसांच्या मदतीचा स्पष्ट लाभ दिसला तो सरकारी केंद्रांत. जिथे गरीब जातो, तिथेच ही माणसे नेमायला हवीत, आणि रीतसर मानधन देऊन.

पुस्तक प्रत्येक शिक्षकाने वाचावे असे आहे. फक्त त्यातली रिकामी जागा आपण सीमाभागातल्यांनी भरायची झाली तर एक रकाना पुरणार नाही, दोन आखावे लागतील. आणि लेखणी मुख्याध्यापकाने धरली, तरी शब्द मावशींना विचारून लिहावेत.